मिसळीचा एक घास आणि मेंदूचा कारभार

नाशिकमध्ये मिसळ खायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: तिखट की मध्यम? मग ताट येतं. मटकीची उसळ, त्यावर शेव आणि बारीक चिरलेला कांदा, शेजारी काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यावर लाल तर्री, पाव, पापड, लिंबाची फोड, दही आणि बऱ्याच ठिकाणी एखादी जिलबी. नाशिककराला यात काही नवल वाटत नाही. मला मात्र हे ताट फार शिकवणारं वाटतं. मेंदूविज्ञान, भौतिकशास्त्र आणि खाण्याचं मानसशास्त्र हे विषय आपण तीन वेगवेगळ्या कपाटांत ठेवतो, पण खाणारा माणूस एकच असतो आणि तिन्ही विषय त्याच्या एकाच घासात एकत्र काम करत असतात.

आपण ज्याला चव म्हणतो ती मेंदूत तयार होते. त्यासाठी लागणारी माहिती जीभ देते, पण त्याहून कितीतरी जास्त माहिती नाक, कान, वेदनेच्या नसा आणि आठवण पुरवतात. हे नीट कळलं की मिसळ तिखट का लागते इथपासून पोट भरल्यावरही जिलबी का जाते इथपर्यंत बरंच काही उलगडतं.

तिखटाची वाट वेगळी आहे

जिभेवरच्या रुचिकलिका पाच चवी ओळखतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. उमामी म्हणजे पिकलेल्या टोमॅटोत किंवा मांसाच्या रश्श्यात जाणवणारी भरीव चव. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सुपातून ती वेगळी करून दाखवली. शाळेत अनेकांनी जिभेचा नकाशा पाहिला असेल, टोकाला गोड, मागे कडू. तो मनातून काढून टाका. १९०१ मध्ये एका जर्मन संशोधकाला जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत अगदी किंचित फरक दिसला होता. पुढच्या लेखकांनी तो फुगवला आणि पाठ्यपुस्तकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या छापला. रुचिकलिका जिथे जिथे आहेत तिथे तिथे पाचही चवी कळतात.

तिखट मात्र या पाचांत नाही. मिरचीचा झणका ज्या नसेतून मेंदूकडे जातो ती नस रुचीची नाहीच. तिचं नाव ट्रायजेमिनल. चेहऱ्यावरचा स्पर्श, दातदुखी, डोळ्यात गेलेला कण, या सगळ्याची खबर हीच नस देते. म्हणजे तिखट ही मेंदूच्या दृष्टीने वेदना आहे.

ही वेदना नेमकी सुरू कुठे होते, याचं उत्तर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत मिळालं. पद्धत चिकाटीची होती. वेदना जाणणाऱ्या चेतापेशींमध्ये जी जनुकं काम करतात ती त्यांनी गोळा केली आणि मिरचीला अजिबात दाद न देणाऱ्या साध्या पेशींमध्ये गटागटाने घातली. प्रत्येक वेळी त्या पेशींवर कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीतलं तिखट रसायन, सोडून पाहिलं. हळूहळू गट लहान करत गेल्यावर एक जनुक हाती लागलं, जे मिळताच पेशी मिरचीला प्रतिसाद देऊ लागत. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन म्हणजे पेशीच्या आवरणातलं एक सूक्ष्म दार. आज त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. आणि खरी गंमत पुढे आहे. हेच दार साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलेल्या उष्णतेनेही उघडतं.

घराच्या दाराची बेल पाहुण्याने दाबली काय किंवा पोस्टमनने दाबली काय, आत आवाज तोच येतो. मिरचीने आणि उष्णतेने दाबलेली बेल अशी एकच आहे, म्हणून मेंदूला तोंडात खरोखर आग लागल्यासारखं वाटतं. मग तो आगीवरचे उपाय सुरू करतो. कपाळावर घाम येतो, नाक वाहतं, चेहरा लाल होतो. भाजलेलं काहीच नसतं, पण शरीराची तयारी अगदी खरी असते.

याच शोधात मिसळ खाणाऱ्यांच्या आणखी एका अनुभवाचं उत्तर आहे. कॅप्सायसिन चिकटलेलं असताना हे दार नेहमीपेक्षा कमी तापमानालाही उघडतं. म्हणून तिखट मिसळीनंतर लगेच घेतलेला, एरवी सहज पिता येईल असा चहासुद्धा जिभेला चटका देतो. उलट पुदिन्यातल्या मेंथॉलने थंडीची जाणीव देणारं दुसरं दार उघडतं. ते २००२ मध्ये ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांनी स्वतंत्रपणे शोधलं. पॅटापूटियन यांनी पुढे स्पर्शाची आणि दाबाची दारंही शोधली आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळून मिळालं.

मिरची मुळात अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आली. त्याआधी आपला झणका मिरी, पिंपळी आणि आल्याचा होता, आणि मिरीतलं पिपेरिन याच दारावर काम करतं. पक्ष्यांच्या शरीरातही हे दार असतं, पण त्यावर कॅप्सायसिनचा असर होत नाही. म्हणून पोपट मिरची मजेत खातो. यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. सस्तन प्राण्यांच्या पोटातून गेलेलं मिरचीचं बी सहसा रुजत नाही, पक्ष्यांच्या पोटातून ते शाबूत बाहेर पडतं आणि रुजतं. झाडाने कोणाला हाकलायचं आणि कोणाला बोलवायचं ते उत्क्रांतीच्या ओघात असं ठरत गेलं. स्वयंपाकघरात उपयोगी पडेल अशी एक गोष्टही सांगून ठेवतो: तिखट बियांत तयार होत नाही, ज्या पांढरट शिरेला बिया लटकलेल्या असतात त्या शिरेत तयार होतं. मिरची सौम्य हवी असेल तर ती शीर काढायची.

पाणी पिऊन तिखट का जात नाही? कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते तेलात आणि तुपात विरघळतं. दुधातली केसीन ही प्रथिनंही त्याला पकडून घेऊन जातात. ताटातली दह्याची वाटी तिथे शोभेसाठी ठेवलेली नाही.

तर्रीखाली काय चाललेलं असतं

आता रश्श्याच्या वाटीकडे जरा जवळून पाहू. वर तेलाचा लाल तवंग आहे आणि वाफ फारशी दिसत नाही. आपल्याला वाटतं, निवला असेल. आपण चमचाभर तोंडात घालतो आणि टाळू पोळते.

यात दोन गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असतात. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगतं. कॅप्सायसिन तेलात विरघळणारं, म्हणून मिरचीतला तिखटपणा त्या तेलाबरोबर वर येतो. रश्श्यातला सगळ्यात जहाल भाग तर्री असते तो यामुळे. दुसरी गोष्ट उष्णतेची. गरम पाणी उघड्या भांड्यात निवतं तेव्हा त्याची बरीच उष्णता पृष्ठभागावरून उडून जाणाऱ्या वाफेबरोबर जाते. तेलाचा थर त्या वाफेची वाट अडवतो. वर वाफ नाही याचा अर्थ आत उष्णता कोंडलेली आहे असा होतो. मग तोंडात एकाच क्षणी दोघं येतात, कॅप्सायसिन आणि ४३ अंशांपेक्षा कितीतरी गरम रस्सा, आणि एकच दार दोघांनाही उघडतं. चमच्याने तर्री बाजूला सारून खालचा रस्सा जरा वेळ उघडा ठेवला तर तो लवकर खाण्याजोगा होतो.

शेव मऊ पडण्याचंही गणित आहे. शेवेत असंख्य बारीक पोकळ्या असतात आणि रस्सा केशाकर्षणाने त्यांत शिरतो, जसं दिव्याच्या वातीत तेल चढतं तेच इथेही. अशा पोकळीत द्रव किती वेगाने चढतो याचं समीकरण एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडलं. त्याचा सोपा अर्थ असा, की दुप्पट खोल मुरायला चौपट वेळ लागतो. बारीक शेव बघता बघता लोळागोळा होते आणि जाड शेव बराच वेळ तग धरते याचं कारण यात आहे: जाडी निम्मी असेल तर आतपर्यंत भिजायला वेळ निम्मा लागत नाही, साधारण पाव लागतो. लेन फिशर या भौतिकशास्त्रज्ञाने हेच समीकरण चहात बुडवलेल्या बिस्किटाला लावून दाखवलं. त्याबद्दल त्यांना १९९९ मध्ये इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. खारी किंवा टोस्ट चहात बुडवणाऱ्या प्रत्येकाला या समीकरणाचा अंदाज असतोच, त्याने ते कागदावर मांडलेलं नसतं इतकंच.

श्रावणात चिवडा सादळतो तो याचाच चुलतभाऊ. कोरड्या पोह्यांत आणि शेवेत पिष्ट काचेसारख्या कडक अवस्थेत असतं. हवेतली ओल त्यात शिरली की पाण्याचे रेणू पिष्टाच्या लांब साखळ्यांना सैल करतात आणि तेच पिष्ट चिवट, रबरासारखं होतं. इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरच्या बाजूला राहणाऱ्यांना पावसाळ्यातल्या डब्यांबद्दल वेगळं सांगायला नको. कढईत पुन्हा कोरडा परतला की ओल उडून जाते आणि बराचसा कुरकुरीतपणा परत येतो.

पापड कानाने खाल्ला जातो

कुरकुरीत पदार्थ मोडतो म्हणजे त्यात एकामागून एक असंख्य बारीक तडे जातात. प्रत्येक तडा आवाजाची एक छोटी लाट सोडतो. या लाटा हवेतून कानापर्यंत जातात, आणि जबड्याच्या हाडातूनही जातात.

२००४ मध्ये ऑक्सफर्डच्या मॅसिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी २० लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे वेफर्स चावायला दिले. त्यांनी प्रिंगल्स निवडले, कारण त्यांचा प्रत्येक वेफर आकाराने सारखाच असतो. चावतानाचा आवाज मायक्रोफोनने टिपून तिथल्या तिथे त्याच माणसाच्या कानात सोडला जात होता. मध्ये फक्त एक बदल केला होता. कधी आवाजातले उंच सूर वाढवले, कधी कमी केले. उंच सूर वाढवले की लोकांना वेफर जास्त ताजा आणि कुरकुरीत वाटे, कमी केले की शिळा वाटे. वेफर मात्र सगळे सारखेच होते. या प्रयोगालाही २००८ मध्ये इग नोबेल मिळालं आणि मला तो या क्षेत्रातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो, कारण त्याचा साधासा अवतार कुणालाही घरी करता येतो. दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करून पापड चावून पाहा. हवेतून येणारे उंच, करकरीत सूर नाहीसे होतात, हाडातून येणारी जाड घरघर तेवढी उरते. पापड तोच, पण त्यातली जान गेलेली असते.

नाकाचा प्रयोग याहून थक्क करणारा आहे. नाक चिमटीत धरा आणि बडीशेप चावा. किंचित गोडसर काहीतरी चघळतोय एवढंच कळेल. मग नाक सोडा. बडीशेप एकदम अवतरते. चावलेल्या पदार्थाचा वास घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो आणि आपण ज्याला चव समजतो त्याचा मोठा हिस्सा हा मागून आलेला वास असतो. २०२०-२१ मध्ये कोविडनंतर कितीतरी लोक ‘तोंडाची चव गेली’ म्हणत होते. त्यांतल्या पुष्कळांना मीठ-साखर कळत होती, गेलेला होता तो वास. वासाची खबर मेंदूत ज्या वाटेने जाते ती भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांना अगदी लगतची आहे. काळा मसाला भाजल्याचा वास आला की आजोळचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे उभं राहतं, त्याला हा शेजार कारणीभूत आहे.

कांद्याबद्दल लासलगावच्या जिल्ह्यात बोललंच पाहिजे. कांदा चिरला की पेशी फुटतात, एरवी वेगवेगळे ठेवलेले पदार्थ एकत्र येतात आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. त्यासाठी कांद्यात एक खास विकर (एन्झाइम) असतं हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. डोळ्यांची ही झोंबणूकही ट्रायजेमिनल नसेतूनच जाते. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी कांदा कापतानाची दृश्यं अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपली. बोथट सुरी कांद्याला कापण्याआधी दाबते, आत दाब साठतो आणि साल फाटताच रसाचे तुषार जोरात उडतात. धारदार सुरीने आणि सावकाश चिरलं तर तुषार कमी आणि त्यांचा वेगही कमी. आज्या विळीला धार लावून घ्यायच्या, त्याला आता मोजमापाचा आधार मिळाला आहे.

वेदना आवडू कशी लागते?

तिखट ही वेदना असेल तर माणूस पैसे देऊन ती विकत का घेतो? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला आणि ते मेक्सिकोतल्या एका खेड्यात जाऊन राहिले. तिथली कुत्री आणि डुकरं रोज माणसांचं उरलंसुरलं तिखट अन्न खात. म्हणजे सवय हेच कारण असेल तर त्यांनाही ते आवडायला हवं होतं. पण तिखट आणि बिनतिखट असं दोन्ही पुढे ठेवलं की प्राणी बिनतिखटाकडे वळत. माणसांची मुलं मात्र काही वर्षांत स्वतःहून तिखट मागू लागत.

रोझिन यांचं म्हणणं असं, की माणसाला धोक्याचा इशारा मिळतो आणि त्याच वेळी आपण सुरक्षित आहोत हेही ठाऊक असतं. या दोन्हींतलं अंतरच सुखाचं वाटतं. जत्रेतल्या उंच पाळण्यात बसणाऱ्यांना हेच सुख मिळतं. त्यात सोबतीचाही वाटा आहे. आपल्याकडे लहान मुलाला आधी बिनतिखट वाढतात, पण मोठी माणसं नाक पुसत, हाशहुश करत, हसत तर्री ओरपताना ते रोज पाहतं. एक दिवस ते आपण होऊन ‘मला पण’ म्हणतं.

पोट भरलं हे कोण ठरवतं

मिसळ पोटभर झाली, पाव नको, रस्सा नको. जिलबी मात्र चालते. यात हावरटपणा नाही, मेंदूची घडणच तशी आहे. एखादा पदार्थ खात गेलं की त्याच पदार्थाची गोडी कमी होत जाते, न खाल्लेल्या पदार्थाची गोडी बहुतांशी शाबूत राहते. बार्बरा रोल्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे माणसांवरच्या प्रयोगांतून मांडलं. एडमंड रोल्स यांना माकडांच्या मेंदूच्या पुढच्या भागात अशा चेतापेशी सापडल्या, ज्या पोटभर खाल्लेल्या पदार्थाला प्रतिसाद देणं थांबवतात आणि दुसरा पदार्थ पुढे आला की पुन्हा जाग्या होतात. पूर्वीच्या माणसाला वेगवेगळी पोषक द्रव्यं मिळवायला ही घडण उपयोगी पडली असावी. आज लग्नाच्या बुफेत तीच आपल्याला ताट घेऊन फिरवते.

भूकही आपण समजतो तितकी पोटात नसते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात भूक जागवणाऱ्या काही चेतापेशी आहेत. उंदरांमध्ये त्यांचं काम थेट मोजता येतं. २०१५ मध्ये झॅकरी नाइट यांच्या गटाला दिसलं, की भुकेल्या उंदराला नुसतं अन्न दिसलं तरी या पेशी काही सेकंदांतच शांत होऊ लागतात, पहिला घास घेण्याच्याही आधी. मेंदू पोटातून खबर येईपर्यंत थांबत नाही, तो आधीच अंदाज बांधतो.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. ‘लहान ताटलीत जेवा म्हणजे आपोआप कमी खाल’ या धर्तीचे सल्ले व्हॉट्सॲपवर कायम फिरत असतात. त्यांच्या प्रसारात कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वॉन्सिंक यांचा मोठा वाटा होता. २०१८ मध्ये विद्यापीठाच्या चौकशीत त्यांच्या संशोधनात गैरप्रकार आढळले आणि त्यांचे डझनाहून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले. खाण्याच्या मानसशास्त्रातला ऐकायला गोड वाटणारा प्रत्येक निष्कर्ष दुसऱ्या कुणी पडताळला आहे का, हे विचारायची सवय लावून घेतली पाहिजे. खाण्याचा संबंध थेट लोकांच्या शरीराशी आणि अपराधी भावनेशी येतो, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

काटेकोर प्रयोग कसा असतो ते केव्हिन हॉल यांच्या २०१९ च्या कामात दिसतं. २० जणांना चार आठवडे रुग्णालयात ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न. समोर ठेवलेल्या अन्नातली ऊर्जा, साखर, स्निग्धांश, मीठ आणि तंतू सारखे राहतील अशी काळजी घेतली होती आणि हवं तितकं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना तेच लोक रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात, आणि भरभर खात.

राहिली आठवण. १९९८ मध्ये रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दोन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांना मेंदूच्या इजेमुळे नुकतंच घडलेलं काही आठवत नसे. दुपारचं जेवण झालं, ताट उचललं, आणि १० ते ३० मिनिटांनी पुन्हा तसंच जेवण समोर ठेवलं. त्यांनी तेही खाल्लं. पुढे तिसरं ठेवलं तर बहुतेक वेळा तेही खायला सुरुवात केली. पोट भरलेलं होतं, पण ‘आत्ताच जेवलो’ ही आठवण नव्हती.

धडधाकट माणसांतही आठवणीचं हे वजन दिसतं. ब्रिटनमधल्या सुझान हिग्ज यांनी काही स्त्रियांना दुपारी काय जेवलात ते आठवायला सांगितलं, तर त्यांनी नंतर बिस्किटं कमी खाल्ली. २०११ मध्ये ब्रिस्टलमध्ये उलट बाजूने प्रयोग झाला. सगळ्यांना सारखंच जेवण दिलं, पण निम्म्या लोकांना जेवताना संगणकावर पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ खेळायला लावला. खेळणाऱ्यांना पोट कमी भरल्यासारखं वाटलं आणि अर्ध्या तासाने त्यांनी बिस्किटं जास्त खाल्ली. ताटातले नऊ पदार्थ कोणत्या क्रमाने खाल्ले, हेही त्यांना इतरांइतकं नीट सांगता आलं नाही.